उभी ज्वारी मोडण्याचा हुकूम

मी एका परदेशी बियाणे कंपनीत नोकरीला आहे. नांदेड-लातूरकडची चाचणीची शेतं माझ्याकडे असतात. देगलूरजवळ एका बाईंच्या रानात आम्ही सहा वर्षं रब्बी ज्वारीचे नवे वाण लावत होतो. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे, मीही म्हणायचो. कोणती ओळ वाऱ्यात लोळते, कोणता कडबा म्हशी आवडीनं खातात, हे त्या फोन करून सांगत. मी ते इंग्रजीत करून पाठवी. कंपनीच्या तक्त्यात कडब्याला रकानाच नव्हता. मी तो शेऱ्यात लिहायचो.

त्या वर्षी एक वाण फार देखणा आला. दाणा हुरड्यात असताना मेल आला. मुख्यालयानं ज्वारीचं कामच बंद केलं होतं. चाचणीची पिकं आठवड्यात नष्ट करून फोटो पाठवायचे होते.

मी हैदराबादच्या साहेबांना फोन लावला. "सर, महिनाभर द्या. निदान दाणा तरी पिकू द्या."

"मी कालच विचारलं. ते म्हणतात, नियम सगळ्या देशांना एकच आहे."

"पण इथली ज्वारी त्यांनी पाहिलीय का?"

"मला तरी कोण विचारून राहिलंय?" ते म्हणाले. त्यांच्यावर चिडायलाही जागा उरली नाही.

मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. अक्का बांधावर उभ्या होत्या.

"भाऊ, रोग पडला का काही?"

"नाही अक्का. वरून हुकूम आलाय."

"वरून म्हंजे कुठून?"

मी देशाचं नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.

"तितं ज्वारी खातेत का?"

"नाही."

"मग एवढी चार कणसं राहू द्या. बियाला."

अक्कांनी कंपनीबरोबर सह्या केलेल्या करारात तेही चालत नव्हतं. मी नाही म्हणालो. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पदर सावरत घराकडे गेल्या.

ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर उभ्या पिकावरून फिरला. हिरव्या दाण्यांचा गोड वास रानभर पसरला. मी आधीचा एक, नंतरचा एक असे फोटो काढून पाठवले. दुसऱ्या दिवशी मुख्यालयाचं उत्तर आलं: दुसरा फोटो नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा.

मी पुन्हा देगलूरला गेलो. अक्कांच्या घरावरून जायचं टाळून, ओढ्याच्या वाटेनं.