माठातली चुडैल

रेवाराम पटल्यांची बायको फुलवंता पहिल्यांदा सिनेमाच्या तंबूत शिरली ती आमगावच्या मंडईत. दिवाळी झाली, लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं, की त्या भागात गावोगाव मंडई भरते. आकाशपाळणे येतात, दंडारीची सोंगं रात्रभर नाचतात, लेकी माहेरी येतात. १९३४ च्या सुमारास त्यात तंबूची भर पडली. तंबू गोंदियाच्या मुन्नालालचा होता.

देवादिकांची नवी चित्रं मोठे तंबूवाले आधीच अडवून ठेवत. मुन्नालालच्या वाट्याला यायची ती मुंबईच्या कुठल्या तरी लहानशा कंपनीने पंधरा दिवसांत उरकलेली मारामारीची आणि भुताखेतांची चित्रं. तीही शहराशहरांतून फिरून झिजलेली असत. बोलपट येऊन काही वर्षं झाली होती, पण मुन्नालालची चित्रं अजून मुकीच होती. पडद्याशेजारी उभा राहून तो स्वतःच गोष्ट सांगायचा.

“देखो मेहरबान, डाकू पीछे से आ रहा है! राजकुमार को कुछ खबर नहीं!”

बायकांच्या बाजूला कनात लावलेली होती. तिच्याआडून एकदम आवाज आला, “अगा बयताडा, माग पाह्य ना!”

सगळा तंबू हसला. ती फुलवंता होती. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या रेवारामाने मान खाली घातली.

पटल्यांचं घर पोवारांचं. पूर्वज कधी काळी माळव्यातून आलेले, सालेकशाकडच्या पिपरटोल्यात धानाची बरीच जमीन. अशा घरची बाई चारचौघांत ओरडत नसे. परत येताना रेवाराम मान खाली घालूनच बैलगाडी हाकत होता. फुलवंता मात्र बोलत होती.

“तो खडक पाह्यलात का जी? कापडाचा होता. घोडा घासला त हालला.”

“मंग खोटाच होता त पाहाले कायले गेलीस?”

“खोटा होता म्हणून त मजा आली. खरा डाकू आला असता त मी पाहात बसली असती का?”

पुढच्या वर्षी मंडई जवळ आली तेव्हा तिने तंबूचा विषय काढला आणि त्याने गाडी जुंपली. मग तो रिवाजच झाला. मंडईपासून चैतापर्यंत तंबू जिथे लागेल तिथे, आमगावला, सालेकशाला, कधी देवरीकडे, दोघं जात. बाईने एकटं जाणं बरं दिसत नाही म्हणून रेवाराम सोबत असे. दिवा मालवला की तो तंबूच्या खांबाला टेकून झोपी जाई. इतक्या वर्षांत एकाही चित्राचा शेवट त्याने पाहिला नाही, असं गावात सांगत.

रेवारामाचा थोरला भाऊ बकाराम. घरं वेगळी झाली होती, पण आंगण एकच. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. फुलवंता भासऱ्यासमोर पदर ओढून उभी राही, त्याच्याशी बोलत नसे. त्याला जे सांगायचं ते तो भावाला सांगे.

“दंडार पाहाव, देवाधर्माचा आयकाव. तुई बायको तंबूत बसून बोंबलते. तुले काही वाटत नाही?”

“मले झोप लागते दादा,” रेवाराम म्हणाला. “मले आयकूच येत नाही.”

भुताचं चित्र असलं की एक गोष्ट हमखास होई. पांढऱ्या लुगड्यातली चुडैल वडाखालून निघाली की पडद्यामागून असा काही हंबरडा येई की लेकरं आईच्या कुशीत शिरत. मुक्या चित्रात हा आवाज येतो कुठून, हे फुलवंताला कळेना. एका वर्षी सालेकशाला ती मधेच उठली आणि तंबूला वळसा घालून मागे गेली.

मागे एका पेटीवर मुन्नालालची बायको जमुनाबाई बसली होती. मांडीवर पाण्याचा रिकामा माठ आणि तोंड माठाच्या तोंडाशी. तिने दम घेतला आणि आवाज काढला. इतक्या जवळून ऐकताना फुलवंताच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ हसू आलं. जमुनाबाईने बोट ओठावर ठेवून तिला शेजारी बसायची खूण केली.

त्यानंतर फुलवंता चित्रं पडद्यामागूनच पाहू लागली. तिथून डाकू उजवीकडून यायचा तो डावीकडून येई. मधे मधे येणारी अक्षरं उलटी दिसत, पण तिला सुलटीही वाचता येत नव्हती. दुपारी तंबू रिकामा असताना जमुनाबाईने तिला माठ धरायला शिकवलं.

“मुँह चिपकाना नहीं बहन, थोड़ा दूर रखना. आवाज पेट से निकालो.”

पहिला आवाज कोंबड्यासारखा निघाला. दोघी पोट धरून हसल्या. दोन-तीन मुक्कामांत मात्र तो जमला.

१९३८ च्या मंडईत जमुनाबाईचा घसा बसला. चित्र भुताचं होतं आणि तंबू भरला होता. फुलवंताने माठ मांडीवर घेतला. चुडैल वडाखालून निघाली तशी ती ओरडली. पुढच्या रांगेतली माणसं उठली. दोघे-तिघे कनात वर करून बाहेर पळाले. रेवाराम जागा झाला आणि शेजाऱ्याला विचारू लागला, “काय झाला गा? आग लागली का?” मुन्नालाल खूश होता. फुलवंता तर त्या रात्री गाडीत वाटभर गात होती.

तिला पडद्यामागून बाहेर येताना पिपरटोल्याच्या एकाने पाहिलं होतं.

त्याच हिवाळ्यात गावात हिवताप आला. काही लेकरं दगावली. त्यात बकारामाची नातही होती. दुसऱ्या गावचा एक भगत बोलावला गेला. त्याने तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, “जिनं चुडैलच्या तोंडानं आवाज देल्ला, तिच्या मागं चुडैल गावात आली.”

नाव घ्यायची गरज पडली नाही. फुलवंता टोनही, म्हणजे चेटकीण, ठरली. फुलवंता विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. मळणीला येणारे मजूर यायचे थांबले. बकारामाने आंगणाच्या मधोमध काट्यांचं कुंपण घातलं. फुलवंताला आधी हे सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण एका सकाळी विहिरीवर एका बाईने तिला पाहून आपलं लेकरू पदराखाली झाकलं. त्या लेकराच्या बारशाला फुलवंताने पाळणा सजवला होता. ती घागर न भरताच घरी आली.

“तू माहेरी जाऊन राह्य थोडे दिवस,” रेवाराम म्हणाला.

“गेली त खरीच टोनही होईन मी.”

“मंग काय करतेस?”

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, “तंबूत भेव वाटला त चित्र सरते, दिवा लागते. अठी गावात दिवाच लावत नाही कोणी. तुमी गोंदियाले जा. जमुनाबाईले आना. माठ घेऊन या म्हनाव.”

रेवाराम सकाळच्या आगगाडीने गेला आणि दुसऱ्या दिवशी जमुनाबाईला घेऊन आला. मुन्नालालही आला. रेवारामाने घरोघरी निरोप दिला. दुपारी, लख्ख उन्हात, गाव पिंपळाखाली जमलं. भगतही होता. बकाराम हाताची घडी घालून एका बाजूला उभा होता.

जमुनाबाईने माठाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि हंबरडा फोडला. बायांनी लेकरं जवळ ओढली. मग माठ फुलवंताने घेतला. तिचा आवाज निघाला तेव्हा कोणी हललं नाही. ओरडून झाल्यावर तिने माठ जमिनीवर ठेवला. भासरा समोर असूनही पदर थोडा मागे सारला.

“हे एवढाच आहे,” ती म्हणाली. “या, कोणाले बी निघते. काढून पाहा.”

कोणी पुढे येईना. शेवटी शालीकराम उठला. तो गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, तरुणपणी दंडारीत सोंगं घेणारा. त्याने माठ उचलला, डोळे मिटले आणि जोर लावला. म्हैस रेकावी तसा आवाज निघाला. कोणी तरी फिसकन हसलं. शालीकरामाने माठ उलटा करून आत पाहिलं आणि म्हणाला, “मायी चुडैल व्यालेली दिसते.”

मग मात्र लोक हसले. एक मजूर पुढे आला, त्याच्यामागे दुसरा. जरा वेळाने बायांनी माठ मागून घेतला. ऊन कलेपर्यंत पिपरटोल्यात हंबरडे उठत होते. भगत जेवायला न थांबता निघून गेला.

सगळं एका दुपारात मिटलं असं नाही. आता टोनही एक नाही, दोन आहेत, असंही काही जण म्हणाले. पण आठवडाभरात मजूर मळणीला आले आणि विहिरीवर बाया पुन्हा थांबू लागल्या. ऊन तापलं तसा हिवताप आपोआप गेला. त्याचं श्रेय काहींनी भगतालाच दिलं. बकाराम फुलवंताच्या हातचं पुढे कधी जेवला नाही. नात गेलेली होती. हसणाऱ्यांत तो नव्हता.

लढाईच्या दिवसांत मुन्नालालच्या वीज काढायच्या यंत्राला पेट्रोल मिळेनासं झालं आणि तंबू उठला. नवरा-बायको गोंदियाला स्टेशनजवळ भजी तळू लागले. फुलवंता आता रेल्वेने गोंदियाच्या टॉकीजला जाऊ लागली. देवाचं किंवा घरगुती रडारडीचं चित्र असलं तर ती जमुनाबाईकडे गप्पा मारून परत येई. मारामारीचं किंवा भुताचं असलं तर दोघी मिळून जात. बोलपट तिला सुरुवातीला आवडला नाही. “बोलते लय,” ती म्हणे, “मारते कमी.” रेवाराम खुर्चीत झोपत असे. खांबापेक्षा खुर्ची बरी, एवढंच त्याचं मत होतं.

१९४५ च्या पावसाळ्यात रेवाराम गेला. त्यानंतर फुलवंता कुठे गेली नाही. सोबत न्यायला आता कोणी नव्हतं, आणि एकटीने जायची तिला सवय नव्हती.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी बकारामाची बायको अनुसयाबाई तिच्या दारात आली. इतक्या वर्षांत थोरली जाऊ या उंबऱ्याशी आली नव्हती. ती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“फुलवंता, गोंदियाले काऊन जात नाहीस आता?”

“एकटी कशी जाऊ बाई?”

अनुसयाबाईने मागे वळून रस्ता पाहिला. “भुताचा नको. भुताचा मी पाहात नाही. मारामारीचा असला त सांग.”

त्या आठवड्यात त्या दोघी गेल्या. चित्र तसंच होतं, चार माणसांत पाच लढाया उरकणारं. अनुसयाबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. शेवटी नायक पुलावरून खाली नदीत पडला तेव्हा तिने जावेचं मनगट धरलं ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

परतीच्या गाडीत अनुसयाबाई जावेला खेटून बसली.

“तो पडला ना वो पुलावरून, तो खरा पडला का?”

“खराच पडला,” फुलवंता म्हणाली. “खोटा पाडाले पैसा लागते बाई. त्याईच्याजवळ एवढा कोठून?”

“लागला असन त्याले.”

“लागला असनच. पन उठला ना लगेच.”

अनुसयाबाईने मान हलवली. उतरल्यावर घरी काय सांगायचं ते दोघींनी वाटेतच ठरवलं. अनुसयाबाईने बकारामाला सांगितलं की डोळे दाखवायला गोंदियाला गेलो होतो, डॉक्टरने दर महिन्याला यायला सांगितलं आहे.