चुन्याखालची कैची

मी विसरणारी बाई नाही. आम्ही वरठी, गावाचे कपडे धुणारे. कोणाच्या धोतराला कशाचा डाग पडला हे आमच्याइतकं कोणाला कळतं? म्हणून भावाच्या चित्राची गोष्ट मीच सांगायला हवी. सूड घेऊन कोणाचं भलं होत नाही म्हणतात. म्हणोत बापडे. माझं झालं.

आमचं गाव हिंगणीपासून दोन कोसांवर, बोरच्या जंगलाला लागून. माझा थोरला भाऊ गावच्या खडी गंमतीत नाच्या होता. चौकात लोकांच्या मध्ये उभ्याउभ्या होणारा तो खेळ. बाईचं काम त्यात पुरुषच करतो, त्याला नाच्या म्हणतात. दादा लुगडं नेसून ढोलकीपुढे उभा राहिला की सेलूहून आलेल्या बैलगाड्या परत जायचं नाव घेत नसत. त्याचे केस कमरेखाली होते, स्वतःचे. गंगावन लावणाऱ्या नाच्यांना तो हसायचा. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी आले, तेव्हापासून ते केस रिठ्यानं मीच धुवायची, मीच विंचरायची, वेणी मीच घालायची. आपलं म्हणावं असं तेव्हा माझ्याजवळ तेवढंच होतं.

स्वराज्यानंतर तीन-चार वर्षांत मालगुजारी गेली. मालगुजाराची जमीनदारी कागदावरून पुसली, पण डोक्यातून थोडीच पुसते? लोकही त्याला मालकच म्हणत. त्या साली दिवाळीनंतरच्या गंमतीत दादानं भर चौकात वेणी सोडली, केस मालगुजाराच्या पुढ्यात झटकले आणि म्हणाला, "मालक, मालगुजारी गेली म्हणून रडू नका. माह्या डोक्यात उवांचं गाव हाये, तेच्यावर सारा बसवा." लोक पोट धरून हसले. मालगुजारही हसला. तो हसला म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो, हे आमचं चुकलं.

सकाळी दादाला मालगुजाराच्या घरून बोलावणं आलं. दुपारी दादा परतला तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून. काय झालं विचारलं तर नुसता भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नाच्यानं स्वतःच्या हातानं केस कापले. मालगुजारानंच सांगितलं म्हणे, की मी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, गडीमाणसानं बाई होऊ नये म्हटलं, त्याला पटलं. गावाला तेही पटलं. ढोलकीवाला आमच्या दारात येऊन दादाला नाही नाही ते बोलून गेला, तुला आमच्या पोटाची पर्वा नाही म्हणाला. 

चौथ्या दिवशी मालगुजाराकडचं धुण्याचं गाठोडं आलं. आत एका मळक्या धोतराची घट्ट गुंडाळी होती. उलगडली, तर आत दादाची वेणी. मीच घातलेली, खाली लाल दोरा तसाच. मुद्दाम पाठवली की गड्याच्या हातून चुकून आली, देव जाणे. धोतराच्या कोपऱ्यावर त्या घराची खूण होती: तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. बिब्ब्याचा रस काढून वरठी अशी खूण करतो, दर घराची वेगळी. त्या घराची खूण माझ्या आजोबानं ठरवलेली.

मी वेणी घेऊन दादापुढे बसले. तेव्हा तो एवढंच बोलला, "बापाले सांगजो नको. आपलं घर त्याच्या जागेवर हाये." म्हातारा बाप रस्त्यावर येईल ह्या भीतीनं तो गप्प राहिला. पुन्हा नाचला नाही. केस वाढू दिले नाहीत. दोन वर्षांत काविळीनं गेला. ते धोतर आणि वेणी मी पेटीच्या तळाशी ठेवून दिली. मालगुजाराकडे धोतर हरवलं म्हणून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

माणूस मेला की गावाला त्याची गोडी कळते. ज्यांनी त्याला तोंडावर नावं ठेवली तेच आता पारावर बसून त्याच्या आठवणी काढत. ढोलकीवाल्यालाच सुचलं, की त्याचं चित्र चौकात काढावं, नाचतानाचं, लेकराबाळांनी पाहावं. चुन्याचा गिलावा केलेली मोठी भिंत चौकात एकच होती, मालगुजाराच्या कोठाराची. मालगुजार लगेच कबूल झाला, पण अट घातली. चित्रात तोही पाहिजे, नाच्याला शाल देताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अट ऐकली आणि माझ्या अंगात एकदम शांत शांत झालं.

त्याच सुमाराला पटवारी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला होता. मी सहज विचारलं, मालकानं घर खाली करा म्हटलं तर काय करायचं? तो हसला. म्हणाला, मालगुजारी गेली तेव्हाच राहत्या घराची जागा तुमची झाली, त्याचा आता काय संबंध? दादा जिवंत होता तेव्हाही ती आमचीच होती. नसलेल्या भीतीपायी माझा भाऊ तोंड मिटून मेला. त्या दिवशी मी खूप रडले, आणि मग रडणं बंद केलं.

सेलूहून म्हातारा चितारी आला. लग्नघरच्या भिंती रंगवणारा, हात कापायचा पण रेघ पक्की. गावानं सामान जमवलं. बायकांनी भिंत घासून चुन्याचा हात दिला, कोणी नाल्यातून गेरू आणला, कोणी पिवळी माती, कोणी बाभळीचा डिंक. नीळ आमच्या घरून गेली. केस भरायची वेळ आली तेव्हा चितारी मला म्हणाला, हे तूच भर, ते केस तुलेच माहीत. मी काजळ बाजूला ठेवलं. जंगलातून बिब्बे आणणाऱ्या गोंड बाईकडून ओटीभर बिब्बे घेतले, तापवून रस काढला, आणि बाभळीच्या काडीनं एकेक बट ओढत दादाचे केस कमरेखाली आणले.

दुपारी सगळे जेवायला गेले. मालगुजाराचा पुढे केलेला हात तेव्हा रिकामा होता, शाल अजून काढायची होती. त्या हातात मी बिब्ब्यानं कैची काढली, चांगली वीतभर, पाती उघडी. धोतराच्या कोपऱ्यावर तीन ठिपके आणि आडवी रेघ दिली. वर चुन्याचा पातळ हात मारला. चितारी परतला, भिंतीकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि लाल गेरूनं शाल काढू लागला. बिब्बा अंगावर उततो. बोटं तेलात बुडवूनही मला फोड आले, आईला मी इस्तरीचा चटका लागला म्हणून सांगितलं. ते डाग अजून आहेत.

चित्र झालं तेव्हा मालगुजारानं नारळ फोडला. आपल्याच चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

गेरू किती टिकणार? पाऊस संपेपर्यंत शाल फिकी झाली आणि हातात काहीतरी काळं दिसू लागलं. मालगुजारानं त्यावर चुना लावला. आठ दिवसांत ते आणखी काळं झालं. दिवाळीला त्यानं सगळी भिंतच चुन्यानं पोतून घेतली, दोनदा. दादाचा चेहरा गेला, लुगडं गेलं, मालगुजार स्वतः गेला. पांढऱ्या भिंतीवर राहिले लांब काळे केस, उघडी कैची, तीन ठिपके आणि एक रेघ. लोक येता-जाता थांबू लागले.

मग त्यानं चौकात गाव जमवलं आणि मला बोलावलं. मी पेटीच्या तळचं धोतर काखेत घेऊन गेले.

"काढ ते," तो म्हणाला.

"नाई निघत, मालक. बिब्बा हाये. चुना लावला का पक्का होते."

कोणाचं काम आहे हे, असं त्यानं सगळ्यांना विचारलं. मी त्याच्या पुढ्यात बसले आणि धोतर उलगडलं. कोपऱ्यावरची खूण वर केली. मध्ये वेणी ठेवली, लाल दोऱ्यासकट. हे कोणाच्या घरून आलं ते कोणाला सांगावं लागलं नाही. मालगुजार म्हणाला, नाच्यानंच कापून तिथे टाकली असेल. चोराच्या उलट्या बोंबा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गावचा न्हावी पुढे आला. इतकी वर्षं हा मूग गिळून बसलेला. त्या सकाळी तो मालगुजाराची दाढी करायला तिथेच होता, हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

"कैची माही होती," तो म्हणाला. "मी कापाले नाई म्हटलं म्हणून हिसकली. दोघा गड्यांनी त्याले धरलं. हात मालकाचा होता."

ढोलकीवाल्यानं वाकून वेणी उचलली, कपाळाला लावली आणि रडत माझ्या हातात दिली. त्यालाही मी माफ केलं नाही, पण वेणी घेतली.

त्या दिवसापासून न्हाव्यानं मालगुजाराच्या डोक्याला हात लावला नाही. आमच्या गावच्याच नाही, हिंगणीच्या न्हाव्यानंही नाही. ते एकमेकांचे सोयरे. सेलूला जावं, तर तिथेही गोष्ट त्याच्या आधी पोचलेली. घरचे गडी कापायला बसले, तर जागोजागी खड्डे पाडले. शेवटी त्यानं केस-दाढी तशीच वाढू दिली.

पुढच्या उन्हाळ्यात मी नदीवरून धुणं घेऊन येत होते आणि त्याची गाडी समोरून आली. दाढी छातीवर, केस मानेखाली, गुंता झालेले, विंचरायला कोणी नाही. त्यानं मान फिरवली. मी गाठोडं खाली ठेवलं, रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत डोळे भरून पाहून घेतलं.