दहा मिनिटं पुढे

उल्हासनगरला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक सिंधी गृहस्थ होता. नाव मी कधी विचारलं नाही. माउसला तो हात लावायचा नाही. स्क्रीनवर काळी खिडकी उघडून कमांड टाइप करायचा आणि एंटर दाबण्याआधी करंगळीने चष्मा वर सरकवायचा.

बाबा गेल्यावर त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर मी बदलापूरहून त्याच्याकडे नेला. बिघडलेल्या फाइली त्याने कमांडनेच दुरुस्त केल्या. शेवटी घड्याळ जुळवायची कमांड लिहिली, चष्मा वर केला आणि एंटर न दाबता माझ्याकडे वळला.

"दादा, घड्याळ मागे पडलं तर बिघडलं समजायचं. हे बरोब्बर दहा मिनिटं पुढे आहे. ये किसीने लगाया है. रहने दूँ?"

कंपनीची बस चुकू नये म्हणून बाबा घरातलं प्रत्येक घड्याळ पुढे ठेवायचे. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

"राहू द्या," मी म्हणालो. त्याने ती कमांड एकेक अक्षर करत पुसली.

आता त्याच्या दुकानाच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी मात्र अजून त्याच कॉम्प्युटरवर वेळ बघून घाईघाईने निघतो. नाक्यावरचा रिक्षावाला विचारतो, "काय, आज पण लवकर?"

बाबांनाही तो हेच विचारायचा.