अर्जातली एक ओळ

काल शेजारची सून मुलीच्या गाईड पथकाचा अर्ज घेऊन आली. "काका, पोरीले शिबिराले धाडाच्या आधी काय काय पाहा लागते?" तिने विचारले. 'आजार असल्यास लिहावा' या ओळीवर बोट ठेवून मी म्हणालो, "आधी हे खरं लिही." एवढे बोलून मी वीस-बावीस वर्षे मागे गेलो.

माझी सुमन तेव्हा बारा वर्षांची होती. तिला अधूनमधून फिट येत असे. पुढे लग्नाच्या वेळी चर्चा नको, म्हणून तिच्या शिबिराच्या अर्जात याच ओळीपुढे मी वळणदार अक्षरात 'नाही' लिहिले आणि तिलाही गप्प राहण्यास बजावले.

जळगाव जामोदजवळच्या शिबिरात पालकभेटीच्या दिवशी पोहोचलो, तेव्हा सुमन गणवेशात मातीवर आखडून पडली होती. कुणी तिच्या नाकाशी फोडलेला कांदा धरला होता, तर कुणी चप्पल. गळ्यातला स्कार्फ सैल करण्याचे मात्र कुणालाच सुचले नव्हते. मला सारे ठाऊक होते, तरी लोकांसमोर माझा पाय उचलेना. शेवटी पथकाच्या बाईंनीच धावत येऊन गाठ सोडली आणि मला विचारले,

"दादा, हिले आधी कधी असं झालं काय? आताच विहिरीवरून पानी घेऊन आली न ही!"

मी विहिरीकडे पाहू लागलो. थोड्या वेळाने सुमनने डोळे उघडले आणि मला जवळ बोलावून ती पुटपुटली, "बाबा, म्या कोनालेच नाही सांगतलं."

ते ऐकून तेव्हा मला हायसे वाटले होते. ते हायसे वाटणेच आता सोसवत नाही.