खोली नंबर चौदाचं म्हणणं

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, आणि गंमत अशी की त्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही. खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं मी चौतीस वर्षांत. त्यातलं निम्मं विसरलो. हे विसरता येत नाही.

निवृत्तीला चार महिने उरले होते. गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळी साडेदहाला माझ्या केबिनच्या दारात एक पन्नाशीची बाई उभी राहिली. चिंचपोकळीच्या एका चाळीत राहणारी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तीन पाकिटं.

"साहेब, आमच्या शेजारच्या काकी परवापासून घरी नाय. खोलीला कुलूप आहे. त्यांना त्या बिल्डरच्या माणसांनी काय केलं असेल तर बघा."

काकी म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची मालवणी विधवा. नवरा गिरणीत होता, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. एकटी राहते. चाळ पुनर्विकासाला निघालेली, आणि कागदपत्रांचं काम दादरच्या एका सल्लागाराच्या ऑफिसकडे. तीन पाकिटं त्या ऑफिसातून आलेली. काकींना वाचता येत नाही, म्हणून तिन्ही पत्रं या शेजारणीनेच त्यांना वाचून दाखवली होती.

मी वाचली. पुनर्विकासाबाबत काही म्हणणं असेल तर लेखी कळवा, अशी स्मरणपत्रं, क्रमांक एक, दोन, तीन. तिसऱ्याचा शेवट असा: 'सात दिवसांत आपले लेखी म्हणणे प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.' खाली एका महिला कारकुनाचं नाव आणि सही.

"हे ऐकून काकी काय म्हणाल्या?"

"पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. मग म्हणाल्या, 'माका काय्येक म्हणणा नाय असा तेंका कोणी सांगल्यान? तासभर बसान सांगलंय मी तिका.' दुसऱ्या दिवशी कुलूप."

मिसिंग रजिस्टरला नोंद केली. वायरलेसवर वर्णन गेलं: सडपातळ बांधा, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. इस्पितळांतल्या रुग्णांच्या याद्या मागवल्या. बेवारस मृतदेहांचीही चौकशी करावी लागते, तीही केली. म्हातारं माणूस हरवलं की ते काम करताना हात जड होतो, तुम्हाला सांगतो.

खोलीची चावी शेजारणीकडेच होती. चाळीत एक चावी शेजारी असतेच. दहा बाय बाराची खोली, झाडून पुसून लख्ख. मोबाईल फळीवर, बंद करून ठेवलेला. झटापटीची खूण नाही. एका माणसाच्या घरात सहा चटया आणि सहा उशा मात्र होत्या, एकावर एक नीट रचलेल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातल्या काही तारखांवर कुंकवाचे ठिपके.

"हे काय?" मी विचारलं.

"असतील उपासाचे," शेजारीण म्हणाली.

मीही हो म्हटलं आणि पुढे गेलो. पोलिसाने असं कधी हो म्हणू नये. पण म्हटलं खरं.

माझ्या सोबतची उपनिरीक्षक तरुण आणि कडक. तिचा अंदाज सरळ होता. एकटी म्हातारी, मोक्याची खोली, धमकीची पत्रं. "सर, ती सहीवाली बाई उचलू या. दोन तासांत बोलेल." उचलायचं नाही, ऑफिसातच जाऊन विचारायचं, असं मी ठरवलं. ऑफिसात माणूस आपल्या टेबलाशी बसलेला असतो, आणि टेबल पुष्कळ काही सांगतं.

दादरला पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. कारकूनबाई गिरगावातल्या, पंचावन्नच्या आसपास. आम्हाला बघून त्यांच्या हातातला चष्मा खाली पडला. पत्रं समोर ठेवली तशा त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"ही पत्रं मी लिहिलेली नाहीत."

"सही तुमची आहे ना?"

"सही माझी आहे. पण पत्रं माझी नाहीत. देवाशपथ सांगते."

उपनिरीक्षकाने माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, म्हटलं नव्हतं मी? आता हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा ऐकलं असेल. पण तिसऱ्या पत्राची तारीख मी बघितली होती. तो रविवार होता. आणि दुसरं पत्र गणपतीच्या सुट्टीतलं. सरकारी असो वा खाजगी, गणपतीत मराठी कारकून पत्र लिहायला बसलाय हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

"मग कोणी लिहिली?"

त्यांनी समोरच्या संगणकाकडे बोट दाखवलं. "यानं."

मालकाने दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या कामाला एआय एजंट आणला होता. नुसतं विचारलं तर उत्तर देणारा नव्हे, स्वतःहून काम करणारा. सकाळी टपाल वाचायचा, आलेल्या ईमेल खोलीनिहाय लावायचा, भेटीच्या वेळा द्यायचा, पत्रं तयार करून छापायला टाकायचा. बाईंची सही त्यात भरून ठेवलेली. छापलेल्या गठ्ठ्याला पाकिटं चढवून कुरिअरवाल्याच्या हाती द्यायची, एवढंच माणसाचं काम उरलेलं. आधी दोन कारकून होते, आता या एकट्याच.

"मला फार बरं वाटलं होतं हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सहाला घरी जायला लागले मी. एकदा त्याला सांगितलं, जुन्या फायली बघ, आपण पाठपुरावा कसा करतो ते शिक, आणि उत्तर येत नाही तोवर करत राहा. मग परत वळून पाहिलंच नाही."

मी म्हटलं, त्यालाच विचारू. बाईंनी टाइप केलं, मी सांगत गेलो. ही पत्रं का पाठवलीस?

पडद्यावर उत्तर आलं: 'खोली क्र. १४ च्या धारकाकडून उत्तर आल्याची नोंद नाही. सूचनेप्रमाणे तीन स्मरणपत्रे पाठवली. मजकूर जुन्या फायलींतील नमुन्यानुसार आहे. मुदत संपल्याने प्रकरण निकाली काढल्याचे पत्र उद्या सकाळी ९ वाजता पाठवायचे आहे.'

धारक स्वतः ऑफिसात येऊन बोलून गेल्या, ते तुला ठाऊक आहे का?

'तशी नोंद माझ्याकडे नाही. असल्यास कृपया द्या, मी उद्याचे पत्र थांबवतो.'

इतका सरळ आरोपी मला उभ्या नोकरीत भेटला नाही. लपवाछपवी नाही, वकील नाही, छातीत कळ नाही. विचारलं ते सांगितलं. उपनिरीक्षकालासुद्धा हसू आलं. पण नऊ वाजताच्या त्या पत्राचं वाचून मी घड्याळाकडे पाहिलं. ते गेलं असतं तर खोली नंबर चौदा कागदावर बिनतक्रार ठरली असती आणि म्हातारीला बोलायची जागाच उरली नसती.

"आधी ते पत्र थांबवा," मी म्हटलं. बाईंनी थांबवलं.

"आता आठवा. खोली चौदाच्या काकी तुमच्याकडे तासभर बसून गेल्या."

"साहेब, दिवसाला तीस माणसं येतात. चौदा नंबर म्हणजे कुठल्या ते..." त्या कपाळ चोळत राहिल्या. मी काकींचं वर्णन सांगितलं. काही उपयोग नाही. मग मी सहज म्हटलं, मालवणी बोलतात, गावचं काहीतरी घेऊन आल्या असतील.

बाईंनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत, फायलींच्या मागे, रबरबँड लावलेली पिशवी. कुळथाचं पीठ.

"अगो बाई! या होय? कुळीथवाल्या काकी!" आणि त्या ढसाढसा रडायलाच लागल्या. "चहा दिला मी त्यांना. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, काकी, बघते मी, साहेबांशी बोलते. तेवढ्यात फोन आला, आणि राहिलं ते राहिलंच. कुठे लिहिलं नाही, याला सांगितलं नाही. पीठही घरी न्यायचं राहिलं."

मी त्यांना पाणी दिलं. "काय सांगत होत्या काकी?"

"खोली म्हणे त्यांच्या एकटीची नाही, गावाची आहे. गिरण्या होत्या तेव्हा गावचे बाराजण पाळीपाळीने तिथे राहायचे. आता परळच्या इस्पितळांत दाखवायला गावची माणसं येतात, ती काकींकडेच उतरतात. त्या दिवशीसुद्धा सांगत होत्या, गावच्या कोणा बाईला पुढे दाखल करायचंय म्हणून."

सहा चटया. सहा उशा. आणि ते कुंकवाचे ठिपके! उपास कसले डोंबलाचे, पाहुण्यांच्या इस्पितळाच्या तारखा होत्या त्या. अक्षर येत नव्हतं, म्हणून म्हातारीने कुंकू लावून ठेवलं होतं. काकी घरातून गेल्या त्या तारखेवरही ठिपका होता, आणि तो मी सकाळी माझ्या या डोळ्यांनी पाहिला होता. रुग्णांच्या याद्या आम्ही तपासल्याच होत्या, पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांची यादी कोण ठेवतो?

कारकूनबाई म्हणाल्या, "मी येऊ?" मी म्हटलं, चला.

परळच्या सर्वांत मोठ्या इस्पितळापासून सुरुवात केली. आम्ही पोचलो तेव्हा भेटीची वेळ चालू होती. बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेशी, हिरव्या लुगड्यातली बाई स्टुलावर बसून एका आजारी बाईला चमच्याने पेज भरवत होती. पदराला सोबतीचा पास पिनने लावलेला. मला इतकं हायसं वाटलं की मी दोन मिनिटं दारातच उभा राहिलो.

तिने वर्दी पाहिली. चमचा खाली ठेवला नाही.

"अंगठो घेवक इल्यात?"

"नाही हो काकी. तुम्ही हरवलात म्हणून शोधायला आलोय."

"मी खंय हरवलंय? घराक कुलूप दिसला की अंगठो मागतले कोणाकडे, म्हणान हय येवन बसलंय. शेजारणीक सांगूक नाय, नायतर तिका माझ्यासाठी खोटा बोलूचा लागला असता."

पूर्वी त्या वस्तीत म्हाताऱ्यांचे अंगठे न वाचलेल्या कागदांवर कसे उठवले गेले होते, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मला त्यांना रागावता येईना.

मिसिंगची नोंद बंद करायची तर सापडलेल्या व्यक्तीचा जबाब घ्यावा लागतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर काकींना बसवलं. उपनिरीक्षकाने कागद काढला, तेव्हा कारकूनबाई पुढे झाल्या. "मी लिहू? माझं अक्षर चांगलं आहे." नियमात बसत होतं का, ते आता विचारू नका. जबाबाची एक प्रत दादरच्या ऑफिसच्या फायलीला लावायची, असं मी तिथेच ठरवलं.

काकी सांगत गेल्या. नवऱ्याने मरताना काय सांगितलं, कोण कोण येऊन राहून गेलं, कोण बरं होऊन गेलं, कोण नाही. "मिल गेली, पण दुखणी खंय गेली? नव्या बिल्डिंगीत गावचो माणूस इलो तर तेका वॉचमन वर सोडतलो काय? ह्या माका विचारूचा होता. एवढाच."

बाईंनी शेवटी पोलिसी रिवाजाप्रमाणे, मी सांगितलं तसं, लिहिलं: 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.' आणि वाचून दाखवला. अंगठ्याची शाई पुढे केली तर काकींनी हात मागे घेतला.

"थांब. आजून एक लिव."

"काय काकी?"

"ह्या बायचो काय दोष नाय. तिना माका चाय दिल्यान, तासभर आयकान घेतल्यान. कामाच्या धबडग्यात माणूस इसारता. लिव ता."

कारकूनबाईंचं पेन थांबलं. त्यांना लिहिता येईना. शेवटी ती ओळ माझ्या कडक उपनिरीक्षकाने लिहिली, आणि तिचेही डोळे भरले होते, नाकारू दे खुशाल. मग काकींनी अंगठा स्वतःहून दिला, चांगला दाबून.

दुसऱ्या दिवशी मालकाने बाईंना काढून टाकायची भाषा केली. मी जबाबाची प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. जिचं नुकसान व्हायचं होतं तिचीच तक्रार नाही, तर तुमची कसली? बाईंची नोकरी राहिली. एजंटही राहिला. तो का जाईल? त्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. बाई आता रोज संध्याकाळी त्याला सांगून घरी जातात, आज कोण आलं, कोणी चहा घेतला, काय बोलून गेलं. सही मात्र पुन्हा हाताने करतात, पत्र वाचून.

काकींचं म्हणणं फायलीत लागलं, त्यावर आवक क्रमांक पडला. पुढे चाळीच्या बैठकीत तो जबाब वाचला गेला, आणि नव्या बिल्डिंगीतही गावची माणसं काकींच्या खोलीत उतरतील त्याला कोणी हरकत घ्यायची नाही, असं चाळकऱ्यांनी एकमताने ठरवून लिहून दिलं. चाळ अजून उभी आहे. चटया आता आठ झाल्यात, असं शेजारीण सांगत होती.

लोक मला विचारतात, साहेब, या यंत्रांची भीती नाही वाटत? मी काय सांगू? ते वाक्य यंत्राने कुठून शिकलं? आपल्याच जुन्या फायलींतून. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी माझं कपाट आवरत होतो. माझ्या सहीच्या पत्रांच्या, ठाण्यात ठेवलेल्या स्थळप्रती निघाल्या, कितीतरी. 'आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' छापीलच असायचं ते, मी खाली सही ठोकायचो, गठ्ठ्यावर गठ्ठे. त्यांतल्या किती जणांनी माझ्या ठाण्याच्या बाकावर बसून काही सांगितलं असेल, आणि मी 'बघतो' म्हणून फोन उचलला असेल, ते मला आठवत नाही.

माझ्या खणात तर कुळथाचं पीठही नव्हतं.