गवतात सोडलेला ट्रक

चढावर थांबवलेली, त्याच्याच ट्रॅक्टरला जोडलेली उसाची ट्रॉली मागे सरकली आणि माझा भाऊ तिच्याखाली सापडला. मिरजेच्या दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

त्याला एक परदेशी सिनेमा फार आवडायचा. गवतात सोडून दिलेला ट्रक त्यात आपोआप चालू होतो आणि गावातल्या माणसांना गाठून मारतो. साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत सगळे ट्रॅक्टरवाले मोबाइलवर तोच बघत. पुढचा बळी कोण हे पाठ असूनही ओरडत. मी साताऱ्याहून माहेरी आले की तो मलाही बसवायचा.

"लोखंडाला कुठं राग येतो का रे?" मी म्हणायचे.

"आक्के, तुज्या पुस्तकातली भुतं चालत्यात, आन् माजा ट्रक न्हाई व्हय? त्येला कवा खंडेनवमीला कुणी हार घातला का बघ. राबवून घेतला आन् दिला सोडून. तुला आसं टाकलं आसतं तर तू काय आरती केली आसतीस?"

तो गेल्यावर गावात एकच बोलणं सुरू झालं. "ट्रॅक्टरनं माणूस खाल्लं. इकून टाका." पूर्वेकडचं एक गिऱ्हाईकही आलं. भावजयीला ठरवता येईना. ट्रॅक्टर गेला तर घरातलं कामच जाणार होतं. खरं सांगायचं तर तो दारातून जावा असं मलाही वाटत होतं. लोखंडावर राग धरणं सोपं होतं.

एका दुपारी तिने त्याच्या मोबाइलवर तो सिनेमा लावला. "बसा वन्सं. मला ह्यांनी कवा पुरा बघू दिला न्हाई. निम्म्यातनं सोताच सांगायचं."

सिनेमाच्या मध्यावर ट्रकची रिकामी सीट दिसते. ड्रायव्हरच्या बसण्याने तिला खळगा पडलेला आहे. इतक्या वेळा बघूनही तो माझ्या नजरेला आला नव्हता. सिनेमा करणाऱ्याला त्या ट्रकची कीव होती, हे मला तेव्हा कळलं.

भावजयीने मोबाइल थांबवला.

"त्या दिशी ह्ये चाकाला दगड लावून उतरलं हुतं. बिरेक वडला न्हवता," ती म्हणाली. "समदीच तसं करत्यात. ट्रॅक्टरनं काय केलं न्हाई, वन्सं."

हे तोवर कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. गिऱ्हाइकाला तिने चहा पाजून परत पाठवलं.

ट्रॅक्टर दारात आहे. भावजय तो शेतापर्यंत चालवते. कारखान्याची खेप अजून आमचा चुलतभाऊ नेतो.