लतीफमामूंचं निदान

लतीफमामू गाडीचं बॉनेट उघडण्याआधी माणसांची तोंडं बंद करत. चाकूरला रस्त्याकडेच्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात कुणी गाडी ढकलत आणली, की सोबतचे चौघे चार निदानं सांगत. मामू हात वर करत. "आधी तुमी गप ऱ्हावा. मंग गाडी काय म्हणती बघू."

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, तेव्हा गप्प राहणं माझ्या रक्तातच नव्हतं. पहिल्याच भेटीत मी त्यांना पाठ दिला: इंजिन फिरतं पण चालू होत नाही, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि दाब यांपैकी एक गैरहजर. मामूंनी सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय सर. पन हजेरी घेतल्याबिगर कोन गैरहजर हाय, कसं कळंल?" मग ते मागच्या सीटला कान लावून आडवे झाले आणि मला नुसती चावी फिरवायला लावली. सीटखालच्या टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो, तो आवाज ते शोधत. आवाज आला, की पेट्रोल बाजूला ठेवून ठिणगीकडे वळायचं. उगाच स्टार्टर मारत बसणाऱ्यांचा मात्र त्यांना भयंकर राग. बॅटरी उतरते आणि अक्कलही, म्हणत.

हे ऐकणं ते त्र्याण्णवच्या भूकंपात शिकले होते. ढिगारे उपसताना मधूनमधून सगळी यंत्रं बंद करत आणि माणसं श्वास रोखून उभी राहत. तसंच एकदा मामूंना दगडांखालून कण्हणं ऐकू आलं, आणि एक बाई जिवंत निघाली. त्यावर ते फारसं बोलत नसत. "आवाज लई बारीक असतोय सर," एवढंच.

माझ्या मुलीच्या, प्रज्ञाच्या, मेडिकल प्रवेशपरीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. पेपर दुपारी, म्हणून सकाळीच निघालो. ती पुढे, पायाशी नोट्सची गच्च थैली, आणि गाडी चालवता चालवता माझे प्रश्न सुरू. चाकूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. स्टार्टर जोरात फिरे, इंजिन काही दाद देईना. एका ट्रॅक्टरनं ओढून मामूंच्या दारात सोडलं. दोन वर्षांची मेहनत रस्त्यात बसणार, या भीतीनं मी सारखा घड्याळ बघत होतो.

मामूंनी कान लावला. पंप मुका होता. मग ते पुढच्या दारातून वाकले, प्रज्ञाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, तुमी पलीकडं चहा घ्या. हितं उभं ऱ्हाऊन गाडीला घाबरवताय."

चहा संपायच्या आत इंजिन सुरू झालं. चोरीच्या भीतीनं पंप बंद करणारं छुपं बटण मीच डॅशबोर्डखाली बसवून घेतलं होतं. "थैली घासली, बटन दबलं," मामू म्हणाले. फिजिक्सच्या मास्तराला हे सुचू नये! मी ओशाळलो. त्यांनी थैली उचलून डिकीत टाकली. "आता नांदेडलाच उघडा. तवर पोरीला एक बी सवाल न्हाई." प्रज्ञा थेट विष्णुपुरीपर्यंत गाढ झोपली.

गेल्या वर्षी मामू गेले. प्रज्ञा आता देगलूरला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. ती रजा काढून माझ्याबरोबर त्यांच्या घरच्यांना भेटायला आली. परतताना गाडीत म्हणाली, "बाबा, त्या दिवशी बटण थैलीनं दबलं नव्हतं. मी पायानं दाबलं होतं. मला पेपरला जायचंच नव्हतं."

मी गाडी कडेला घेतली. ज्या मुलीला मी तासन्‌तास प्रश्न विचारले, तिला, तुला जायचंय का, हा एक प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. त्याची फार लाज वाटली.

"मामूंना कळलं होतं?"

"लगेच. म्हणाले, बेटी, परत जायचं असंल तर गाडी सांजंपर्यंत चालू होत न्हाई, म्या सांगतो सरांना. जायचं असंल तर तुज्या हातानं बटन वर कर."

"मग?"

"ते पाठ करून उभे राहिले, बाबा. मी थोडा वेळ बसले. आणि मीच वर केलं."